पुस्तक मिटले पाहिजे

वाचकाचे पत्र (थोडक्यात): मी सांगलीची निवृत्त शिक्षिका आहे. आमच्या वाचनालयात आम्ही अठराजणी दर शनिवारी वाचनकट्ट्यावर जमतो. येत्या २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, प्रत्येकीला स्वतःच्या हाताने भरलेली क्रॉस स्टिचची वाचनखूण द्यावी असे माझ्या मनात आहे. हाती सात आठवडे आहेत. आतापर्यंत तीन खुणा झाल्या आणि प्रत्येकीला पूर्ण आठवडा लागला. २८ बाय ८४ चौकटींची गुलाबांची नक्षी मॅटीवर पूर्ण भरली आणि मागे फेल्ट चिकटवले. पण खूण ठेवली की पुस्तक अर्धवट उघडेच राहते, कडांचे दोरे सुटतात आणि एका खुणेचा लाल रंग पानाला लागला. नावे भरायची इच्छा आहे, परंतु तक्ते मिळतात ते इंग्रजी अक्षरांचे. सून म्हणते, "आई, छापून लॅमिनेट करून घ्या. नाहीतरी हल्ली सगळ्या मोबाइलवरच वाचतात." मी काय करावे?

ताई, सप्रेम नमस्कार.

पत्रासोबतची तिन्ही छायाचित्रे मी मोठी करून पाहिली. गुलाब सुरेख उतरले आहेत, आणि प्रत्येक फुलीचा वरचा पाय एकाच दिशेने गेला आहे, हे वर्षानुवर्षे वह्या तपासलेल्या हातालाच जमते. त्यामुळे हात बदलायचे कारण नाही. बदलायची आहे ती नक्षी. तुम्ही भिंतीवर टांगायच्या चित्राचा नमुना घेतला आणि तो पुस्तकात घातला. चौकटीतल्या चित्राची जाडी कोणी मोजत नाही आणि त्याची पाठ कोणी पाहत नाही. वाचनखुणेच्या बाबतीत मात्र जाडी ही पहिली परीक्षा असते, आणि पान उलटताना वाचणारीला खुणेची पाठ पोटाइतकीच दिसते. पुस्तक मिटले पाहिजे, ही एकच अट धरून बसलात तर तुमच्या चारपाच प्रश्नांपैकी बहुतेकांची उत्तरे आपोआप मिळत जातील.

आधी जाडीचा हिशेब पाहू. छायाचित्रात तुम्ही शेजारी पट्टी ठेवली आहे, तिच्यावरून तुमच्या मॅटीवर इंचाला ११ चौकटी दिसतात. म्हणजे २८ बाय ८४ चौकटींची नक्षी अडीच इंच रुंद आणि साडेसात इंचांहून थोडी लांब झाली, आणि कडा धरून खूण तीन बाय आठ इंचांवर गेली. डेमी आकाराच्या कादंबरीत ती जेमतेम मावेल. क्राउन आकाराच्या कवितासंग्रहातून तर बाहेरच डोकावेल. एवढ्या मोठ्या चौकटी भरून दिसाव्यात म्हणून तुम्ही तीन पदर वापरले असणार, कारण दोन पदरांत खालचे कापड दिसत राहते. मग पोटावर तीन पदरी फुली, मध्ये मुळात जाड विणीची मॅटी, पाठीवर दोऱ्यांची जाळी, त्यावर फेल्ट, आणि कडेला मॅटीची घडी. घडीच्या जागी हे सगळे दुप्पट होते. पुस्तक उघडे राहिले नसते तरच नवल.

वेळेचा हिशेबही याच नक्षीमुळे बिघडला आहे. २८ गुणिले ८४ म्हणजे २,३५२ फुल्या. सरावलेला हात तासाला साधारण दीडशे फुल्या घालतो असे धरले, तरी एका खुणेला सुमारे सोळा तास लागतात. पंधरा खुणा उरल्या आहेत आणि आठवडे सात. डोळे आणि मान यांची पर्वा न करता रोज पाच तास बसलात, तरी शेवटच्या खुणेला अस्तर २७ तारखेच्या पहाटेच लागेल. तेव्हा ही गुलाबांची नक्षी इथेच थांबवावी, असे मी स्पष्टच सांगते. झालेल्या तीन खुणांचे काय करायचे ते पुढे सांगेन.

नवी खूण १४ काउंटच्या आयडा कापडावर करा. काउंट म्हणजे इंचाला किती चौकटी, एवढाच त्याचा अर्थ. त्याच २८ बाय ८४ चौकटी या कापडावर बरोबर दोन इंच बाय सहा इंच होतात, आणि खुणेला याहून मोठे असण्याची गरज नसते. आयडा मिळाले नाही तर बारीक विणीची मॅटी चालेल, मात्र दुकानदार सांगेल त्या आकड्यावर विसंबू नका. दुकानातच कापडावर पट्टी ठेवून इंचभरातल्या चौकटी मोजा, आणि त्या आडव्या व उभ्या दोन्ही दिशांनी मोजा. मॅटीत या दोन्हींत फरक निघू शकतो, आणि तसे कापड घेतले की चौरस काढलेले अक्षर लांबट होते.

आता नक्षी. माझे म्हणणे असे आहे की खुणेचे बरेचसे कापड मोकळे सोडावे. मोकळे कापड पातळ राहते, आणि पांढऱ्या किंवा सायीच्या रंगाच्या कापडावर एकच गोष्ट नेमकी भरलेली असली की ती नजरेत भरते. खाली एक लहान तुळशीवृंदावन, वर जिची खूण तिच्या नावाचे आद्याक्षर, आणि चारही बाजूंनी एक बारीक रेघ एवढे पुरे आहे. वृंदावन मी मुद्दाम सुचवते आहे. तुमच्या भागात इरकल नेसणाऱ्या बायका अजून आहेत, आणि इरकलीच्या पदरावरचा कसुतीचा कशिदा तुम्ही पाहिलाच असेल. त्यात गोपूर, रथ, हत्ती, पोपट यांच्या जोडीला तुळशीवृंदावन असतेच. कसुतीत कापडावर काही छापून घेत नाहीत, धागे मोजत मोजत भरतात. आणि तिच्या चार टाक्यांपैकी मेंथी म्हणजे, कानडीतल्या मेथीचे नाव घेतलेला, आपला फुलीचा टाकाच आहे. तेव्हा इंग्रजी तक्त्यांतल्या कपबशा आणि मांजरी उतरवण्यापेक्षा हे घरचे नमुने आपल्या हाताला जवळचे आहेत. वृंदावनाची मांडणी सोपी आहे: तळाला १५ फुल्यांची ओळ, तिच्यावर मधोमध ११ फुल्यांची, तिच्यावर ७ फुल्या रुंद चौथऱ्याची नुसती चौकट, वर पुन्हा ९ फुल्यांची ओळ आणि मध्यातून निघणारी, दोन्हीकडे पाने असलेली तुळस. सगळे मिळून सत्तर-ऐंशी फुल्यांचे काम आहे.

बाजूची रेघ फुल्यांनी भरू नका. तिच्यासाठी कसुतीतलाच गवंती हा टाका घ्या. आपण त्याला दुहेरी धावदोरा म्हणू. आधी एक चौकट वर, एक चौकट खाली असा साधा धावदोरा घालत पुढे जायचे, आणि परत येताना राहिलेल्या मोकळ्या चौकटी त्याच भोकांतून भरत यायचे. यात पोट आणि पाठ अगदी सारखी दिसते, गाठ लागत नाही आणि दोऱ्याचा एकही फालतू थर चढत नाही. युरोपातही हाच टाका आहे. हान्स होल्बाइन या चित्रकाराने सोळाव्या शतकात रंगवलेल्या माणसांच्या कॉलरींवर आणि बाह्यांवर तो इतका दिसतो की तिकडे त्या टाक्यालाच होल्बाइनचे नाव पडले. वाचनखुणेसाठी याहून सोयीचा टाका मला ठाऊक नाही.

आता तुमचा सगळ्यात चांगला प्रश्न, मराठी अक्षरांचा. तयार तक्ता शोधण्यात वेळ घालवू नका. गणिताची चौकटींची वही घ्या आणि तक्ता स्वतः काढा. शाळेत फळ्यावर अक्षर गिरवून दाखवलेल्या बाईंना हे शिकवण्याची गरज नाही, तरी चौकटीत बसवताना काही गोष्टी वेगळ्या होतात म्हणून एक अक्षर करून दाखवते. 'म' घ्या. नऊ चौकटी रुंद आणि दहा चौकटी उंच अशी जागा आखा. सर्वांत वरची ओळ म्हणजे शिरोरेषा, तिच्या नऊच्या नऊ चौकटी भरा. उजवीकडून दुसरा स्तंभ हा दंड. तो शिरोरेषेखालच्या ओळीपासून तळापर्यंत नऊ चौकटी. डावीकडून तिसऱ्या स्तंभात शिरोरेषेखाली पाच चौकटी उतरा. तिथून खालच्या, म्हणजे वरून सातव्या ओळीत, त्याच तिसऱ्या स्तंभापासून दंडाला टेकेपर्यंत पाच चौकटींची आडवी रेघ द्या. आता म-ची गाठ राहिली: आडव्या रेघेच्या डाव्या टोकाला दोन बाय दोन चौकटींचा ठिपका होईल अशा तीन चौकटी आणखी भरा, एक रेघेच्या डावीकडे आणि दोन त्यांच्याखाली. एकूण एकतीस फुल्या झाल्या. हातभर अंतरावरून पाहा, स्वच्छ 'म' दिसतो.

या आकारात शिरोरेषा फार जपावी लागते. 'ध' आणि 'घ' यांतला, किंवा 'भ' आणि 'म' यांतला फरक शिरोरेषेत जागा सोडली की नाही यावरच उभा असतो. सुधाताईंच्या नावातला ध भरताना सवयीने शिरोरेषा सलग ओढलीत, तर त्यांची 'सुघा' होईल, आणि ते कुणी तोंडावर सांगणारही नाही. दुसरी गोष्ट काना, वेलांटी आणि मात्रांची. अक्षराच्या वर चार ओळी आणि खाली तीन ओळी मोकळ्या धरूनच जागा आखा, नाहीतर 'मी'ची वेलांटी बाजूच्या रेघेला जाऊन भिडते. वेलांटीचा आणि उकाराचा बाक फुल्यांनी काढला तर पायऱ्यांसारखा दिसतो; म्हणून तो एका पदराने उलट्या टिपेने काढा, तिरपे टाके घालता येत असल्यामुळे वळण जमते. अनुस्वारासाठी गाठीचा टाका घालण्याचा मोह होईल, तो आवरा. मिटलेल्या पुस्तकात गाठ पानावर दाबली जाते आणि तिचा वळ उठतो. अनुस्वाराला एक सुटी फुली पुरते.

नाव पूर्ण भरावे की आद्याक्षर, हे तुम्ही विचारले नाही, पण अठराजणी एकत्र बसून खुणा पाहणार आहेत म्हणून सांगते: सगळ्यांना एकच नियम लावा. एकीचे अख्खे नाव आणि ज्योत्स्नाताईंचे मात्र जोडाक्षरांमुळे अर्धेच, असे झाले तर त्याची चर्चा कवितेपेक्षा जास्त वेळ चालेल. आद्याक्षरच घ्या आणि ते मात्रा-वेलांटीसकट घ्या: मी, सु, ज्यो. दोघींचे आद्याक्षर एक निघाले तर रंग बदला. कधी घरातल्या नातीसाठी पूर्ण नावाची खूण करायची झाली, तर नाव खुणेच्या लांबीने आडवे घ्या आणि शिरोरेषा खुणेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेऊन अक्षरे तोरणासारखी तिच्याखाली टांगा. तो प्रकार फार देखणा होतो.

दोरा आणि सुई यांविषयी फार लिहीत नाही. दोरा सहा पदरी सुती घ्या, आठ मीटरच्या लडीत मिळतो तो. १४ काउंटवर फुलीला दोन पदर, रेघेला एक. सुई बोथट टोकाची, २४ नंबरची. नंबर वाढला की सुई बारीक होते. नमुना परदेशी असेल तर त्यावर बहुधा डीएमसी या कंपनीच्या दोऱ्याचे क्रमांक असतात आणि आपल्याकडच्या दुकानात बहुधा अँकर कंपनीचा दोरा मिळतो. दोघांचे क्रमांक वेगळे असतात, उदाहरणार्थ काळा रंग डीएमसीत ३१० आणि अँकरमध्ये ४०३ आहे. तुम्हाला लागणारे रंग तीन-चारच असल्याने लड्या उन्हात शेजारी धरून निवडल्यात तरी चालेल. एका लडीत हजारावर फुल्या सहज होतात, तेव्हा फुल्यांच्या रंगामागे एक लडी अठरा खुणांना पुरेल. कडेच्या आणि गोंड्यांच्या रंगांच्या मात्र दहाएक लड्या जास्त आणा.

पाठ स्वच्छ राहावी म्हणून तीन सवयी लावून घ्या. लडीतून दोन पदर एकदम ओढू नका. एकेक पदर वेगळा सोडवा आणि मग जोडीने घ्या, म्हणजे पीळ राहत नाही आणि फुली चपटी बसते. सुरुवात गाठीने करू नका. एकच पदर दोन हात लांब कापा, मधोमध दुमडा, दोन्ही मोकळी टोके सुईत ओवा. पहिला अर्धा टाका घालताना पाठीला जो फासा राहील त्यातून सुई काढून ओढा, दोरा तिथेच पक्का होतो. दोरा संपवताना पाठीच्या चारपाच टाक्यांखालून सरकवून कापा. आणि फुल्या एकेक पूर्ण न करता आधी ओळभर एका दिशेचे तिरपे टाके घालून परतताना त्यांवर दुसरे घाला. पाठीवर नुसत्या उभ्या रेघा येतात, जाळे होत नाही. अक्षरापासून वृंदावनापर्यंत मोकळ्या कापडामागून दोरा ओढत नेणे तर पूर्ण वर्ज्य समजा. पांढऱ्या कापडातून तो गडद दोरा पोटाकडून सावलीसारखा दिसतो.

कापड एकेक खुणेपुरते कापू नका, हातात धरायला जागा राहत नाही. १९ इंच लांब आणि ८ इंच उंच अशा तीन पट्ट्या घ्या. प्रत्येकीवर सहा खुणा शेजारी शेजारी बसतात आणि दोन खुणांमध्ये व कडांना एकेक इंच मोकळे राहते. शिलाईच्या साध्या दोऱ्याने दर दहा चौकटींवर धावदोरा घालून ठेवलात तर मोजण्यात चूक होणार नाही. शेवटी तो ओढून काढायचा. सहाही वृंदावने एकामागून एक भरा. तिसऱ्यापासून तक्त्याकडे पाहावे लागत नाही.

लाल रंगाचे तुम्ही लिहिलेत तेव्हा मला माझीच फजिती आठवली. बऱ्याच वर्षांपूर्वी भावाला मी एक खूण करून दिली होती. लड्यांवर नंबर नव्हता, सुट्या ढिगातून रंग आवडला म्हणून उचलला. भावाने ती आवडीच्या कवितासंग्रहात ठेवली, पुस्तक खिडकीत राहिले, पावसाचे चार शिंतोडे आले, आणि दोन पानांवर कुंकवासारखा डाग समोरासमोर उमटला. भाऊ काही बोलला नाही. पुस्तक मात्र त्याने दुसरे आणले. तेव्हापासून लाल, मरून आणि गडद निळा या रंगांची मी परीक्षा घेतल्याशिवाय राहत नाही: बोटभर दोरा कोमट पाण्यात भिजवायचा, पांढऱ्या सुती चिंधीत गुंडाळून दाबायचा आणि वाळेपर्यंत तसाच ठेवायचा. चिंधीला जराही छटा आली तर तो रंग खुणेत नको. तुम्ही पुष्कळ दिवस हातात धरलेल्या कापडाला हाताचे तेल आणि मळ लागतोच, म्हणून भरून झालेली पट्टी सौम्य साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, पिळू नका, जाड टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपा, आणि टॉवेलवर पालथी ठेवून पाठीकडून इस्त्री करा. सुलट बाजूने इस्त्री फिरली की फुल्या चेपतात.

कडांसाठी घडी घालायचीच नाही. रेघेच्या बाहेर दोन चौकटी खोल असा काजाचा टाका दोन पदरांनी चारही बाजूंनी घाला, प्रत्येक भोकात एक टाका, आणि कोपऱ्यात एकाच भोकातून तीन. टाक्याची गाठवळ बाहेरच्या बाजूला आली पाहिजे. धुऊन इस्त्री झाल्यावर बारीक टोकाच्या कात्रीने त्या गाठवळीला लागून कापड कापा. घाई करून टाका कापला गेला तर पुढचे सगळे सुटते, म्हणून हे काम दिवसाउजेडी आणि एकटीने बसून करा. ही कड सुटत नाही आणि जाडी मात्र एकाच थराची राहते.

पाठ झाकायची असेल तर फेल्ट नको. ब्लाउजच्या टू बाय टूच्या चिंध्या घरात असतीलच. खुणेपेक्षा चारही बाजूंनी दोन-दोन चौकटी आत राहील एवढी पट्टी, कडा आत दुमडून, बारीक हेमच्या टाक्याने लावा, आणि टाका आयडाच्या पोटापर्यंत जाऊ देऊ नका. चिकटवण्याचा विचारही करू नका. पांढरा गोंद कापडातून वर येतो आणि खूण पापडासारखी कडक होते. खूण ताठ राहावी म्हणून खळ घालण्याची जुनी पद्धत आहे, पण खळीच्या वासावर कसर येते, आणि एकदा ती खुणेला आली की पुस्तकाला लागायला वेळ लागत नाही. ताठपणा हवाच असेल तर शिंपी कॉलरसाठी वापरतात ते इस्त्रीने चिकटणारे पातळ अस्तर टू बाय टूच्या आतल्या बाजूला लावा. अगदी पातळ प्रतीचे मागून घ्या. जरीचा दोरा, टिकल्या आणि मणी या खुणांना लावू नका, पाने खरवडतात.

गोंडा मात्र जरूर लावा, पुस्तकाच्या कडेला तो लोंबताना दिसला की वाचायची आठवण होते. तीन बोटांवर सहा पदरी दोऱ्याचे पंचवीस वेढे घ्या, वरून बांधा, खालून कापा, मानेला दहाबारा वेढे घालून आवळा. तो खुणेच्या वरच्या कडेला मधोमध दीड इंचाच्या वळलेल्या दोरीने जोडा आणि दोरीची गाठ गोंड्याच्या आत लपवा. खूण पानांत असताना पुस्तकात केवळ सपाट कापड राहिले पाहिजे, गोंडा आणि गाठ दोन्ही बाहेर.

हे सगळे धरून एका खुणेला भरण्याचे आणि रेघेचे दोन तास, काजाच्या टाक्याचा सव्वा तास, अस्तर आणि गोंड्याचा पाऊण तास, असे चार तास होतात. अठरा खुणांचे बहात्तर तास, म्हणजे सात आठवडे रोज दीड तास. पाच आठवड्यांत भरणे आणि कडा संपवा, सहाव्यात धुणे, इस्त्री आणि अस्तरे उरका, सातवा आठवडा गोंड्यांना आणि पाहुण्यांना ठेवा. पहिली खूण तयार झाली की लगेच ती घरातल्या सगळ्यात बारीक पुस्तकात एक रात्र ठेवा आणि सकाळी शेजारची दोन्ही पाने उजेडाकडे तिरपी धरून पाहा. पानावर वळ दिसला तर कोणत्या टाक्याचा आहे ते कळेल, आणि उरलेल्या सतरांत तेवढेच बदलता येईल.

झालेल्या तीन गुलाबांच्या खुणा उसवू नका. त्या जाडजूड बांधणीच्या मोठ्या ग्रंथांसाठी आहेत असे समजा. शब्दकोशात किंवा देवघरातल्या ज्ञानेश्वरीत अशी जाड पट्टी छान बसते, तिथे पुस्तक मिटण्याची तक्रार येत नाही. मात्र रंग लागलेली खूण आधी धुऊन, वर सांगितलेली चिंधीची परीक्षा उतरल्यावरच ठेवा. फेल्ट गोंदाने चिकटवले असेल तर ते कोमट पाण्यात भिजवून अलगद सोडवता येते का ते एका कोपऱ्यात पाहा.

सूनबाईंचे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. लॅमिनेट केलेली खूण पातळ असते, पाण्याला भीत नाही आणि अठरा खुणा एका दुपारी होतात. वाचनालयाच्या दोनशे सभासदांना खुणा द्यायच्या असत्या तर मीही तेच सुचवले असते. त्या मोबाइलविषयी म्हणतात तेही खोटे नाही. पण तुमचा कट्टा दर शनिवारी पुस्तके घेऊनच बसतो, आणि त्यातल्या निम्म्याजणी आज बसचे तिकीट किंवा औषधाच्या दुकानाची पावती खूण म्हणून वापरत असणार. एक काम सूनबाईंनाच सांगा. चौकटींच्या वहीतली तुमची अठरा अक्षरे त्यांच्या हातात द्या आणि दोन पावले मागे उभे राहून, नावे न सांगता, एकेक वाचायला सांगा. ज्या अक्षराला त्या अडखळतील ते कापडावर चढवण्याआधी पुन्हा काढा. 'ज्ञ' किंवा 'श्री' अडले तर वहीच्या पानाचे छायाचित्र पाठवा, पुढच्या अंकात चौकटींसह उत्तर देईन.